छपरावरून खाली आणलेलं पॅनल

माझ्या नवऱ्याने दुसऱ्यांच्या घरांवर सोलर बसवण्यात सोळा वर्षं घालवली, आणि आमच्या स्वतःच्या घरावर एकही पॅनल नव्हतं. अहेरीच्या एका ठेकेदाराकडे ते फिटर होते. भामरागडकडची गावं, जिथे तारा पोचल्या नव्हत्या, किंवा पोचूनही बत्ती टिकत नव्हती, तिथे एक पॅनल, एक बॅटरी, तीन बल्ब आणि एक छोटा पंखा असा संच घरोघरी लावायचा, हे त्यांचं काम. पावसाळ्यात रस्ते बंद होतात म्हणून उन्हाळाभर ते तिकडेच असत. मी म्हणायचे, आपल्याकडेही लाइट जाते, आपल्या घराचं कधी करता? ते म्हणायचे, आपली जाते पण परत येते तरी.

मग एका हिवाळ्यात ते काम करताना एका घराच्या छपरावरून पडले. सकाळची वेळ, टिनावर दव होतं. घर फार उंचही नव्हतं, पण खाली कपडे धुवायचा दगड होता आणि पाठ त्याच्यावर आली. चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. दोन महिन्यांनी घरी आणलं तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. हात चांगले, डोकं चांगलं, बोलणं पूर्वीसारखं. फक्त बाजेवर ठेवलं की तिथेच.

नागपूरच्या डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की, यांच्या पाठीला आणि बैठकीला कळ कळणार नाही, त्यामुळे जखम होईल आणि तुम्हाला उशिरा दिसेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची आणि हवेची गादी वापरायची. ही गादी म्हणजे रबराच्या नळ्यांची असते. एक छोटा पंप सतत चालू राहतो, एक नळी फुगते तेव्हा शेजारची बसते, त्यामुळे अंगाच्या एकाच जागी दाब राहत नाही. मुलीने गादी पाठवली. पंप डब्याएवढा, आवाजही जास्त नाही. पण लाइट गेली की अर्ध्या-पाऊण तासात गादी सपाट.

आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली तर दोन-दोन दिवस येत नाही. कुठेतरी जंगलात तारेवर झाड पडतं, ते शोधायलाच दिवस जातो.

मुलगी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत असते, जावई तिथे कामाला. ती म्हणाली, इकडेच या दोघं, इथे लाइट जातच नाही. तिचं क्वार्टर तिसऱ्या माळ्यावर. हे म्हणाले की मला एकदा वर नेलं की मग एकदाच खाली आणाल. तो विषय तिथेच मिटला.

ठेकेदाराने त्याच्या गोदामातलं एक वापरलेलं पॅनल दिलं, बॅटरी दिली, पॅनलची वीज बॅटरीत भरणारा कंट्रोलर आणि छोटा इन्व्हर्टर दिला. यांच्या सोबतचे दोघे येऊन बसवून देणार होते. पण ते दिवस त्यांच्या धावपळीचे. पाऊस यायच्या आत भामरागडकडची घरं उरकायची होती. आज येतो, उद्या येतो. पॅनल बारा दिवस भिंतीला टेकून उभं होतं. तेराव्या दिवशी दुपारी पाच तास लाइट गेली. गादी बसली. मी यांना कुशीवर वळवून पाठीशी उशा लावल्या, गुडघ्यांच्या मध्ये गोधडी घातली, आणि दर थोड्या वेळाने हात घालून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारून शिडी आणून छपराला लावली.

ते बाजेवरून मला जाताना पाहत होते. चढू नको म्हणाले. मी दाराकडे वळले. तेव्हा म्हणाले, "चढतच असशील तं चप्पल काढ. पदर खोच. अन् कवेलूच्या मधात पाय नको देऊ, खाली जिथी लाकडाचा फाटा हाय तिथीच दे."

त्याआधी मी छपरावर कधी चढले नव्हते. कवेलू, म्हणजे कौलं, फेरायलाही हेच लागायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी नुसती हात टेकून बसले होते. खालून ते विचारत होते, कुठी हायस, माथ्यावरचं आडं दिसते का, आणि मी ओरडून उत्तर देत होते. अर्धं त्यांना ऐकू येत नव्हतं. मग ते म्हणाले, वायर आत आणायला एक कवेलू काढावंच लागेल, ते आताच काढ. मी काढलं. खाली ते होते. बाज बरोबर त्याच्या खाली. त्या चौकोनातून ते वर पाहत होते आणि मी खाली. दोन महिन्यांत दवाखान्यात मी त्यांच्याकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं. तिथे नेहमी काही ना काही करायचं असायचं.

"सावली कुठी पडते?" त्यांनी विचारलं.

"कोणाची?"

"तुही. बारा वाजून राह्यले ना. सावली जिकडे पडन त्याच्या उलटं पॅनलचं तोंड."

मी उभी राहून माझी सावली पाहिली. मग लोखंडी अँगल फाट्याला बोल्टने कसले. पॅनल दोराने बांधून ओढायचं होतं. वजन धानाच्या कट्ट्यासारखं, भरल्या पोत्यासारखं नाही, पण पकडायला जागा नाही आणि वारा भरतो. खालून माझ्या जावेने लोटलं, वरून मी ओढलं. जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती सगळा वेळ देवाचं नाव घेत होती. काचेवर गोधडी टाकून ठेवायला यांनी आधीच सांगितलं होतं, कारण ऊन पडलं की पॅनल जिवंत, वायरीत करंट असतो. जोडणीच्या वेळी तर त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. शाळेतल्या पोरीसारखं मी ते म्हटलं.

गोधडी काढली आणि कंट्रोलरवर हिरवा दिवा लागला. मला वाटलं ते काही म्हणतील. ते म्हणाले, एकदा पुन्हा चढ आणि चारही बोल्ट कसून ये.

त्या पावसाळ्यात लाइट जायची आणि पंप चालू राहायचा. लोकांना वाटायचं, चला, एकदा बसवलं की काम झालं. पण पॅनल म्हणजे घरात आणखी एक जीव ठेवण्यासारखं आहे. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ बसते. ती सकाळी ऊन तापायच्या आत धुवावी लागते, तापलेल्या काचेवर गार पाणी चालत नाही. हिवाळ्यात वानरं येऊन पॅनलवर ऊन खात बसतात, शेपट्या खाली सोडून. त्यांनी एकदा वायर ओढून तोडली, तेव्हा मी छपराच्या कडेला बोरीच्या काट्या टाकल्या. पोपट घाण करतात. बॅटरीत पाणी पाहायचं, ते साधं चालत नाही, दुकानातलंच आणायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार येतो. तो गरम पाण्याने काढून वरून व्हॅसलीन लावायचं.

हे सगळं यांना पाठ होतं आणि करायचं मला होतं. बाजेवर पडल्यापडल्या त्यांना तेवढंच एक काम उरलं होतं. कंट्रोलरचा कोणता दिवा लागला आहे, किती लागले आहेत, सकाळी काच पुसली का, टोकं पाहिली का. मी चुलीपाशी असले तरी विचारायचे, गोठ्यात असले तरी हाक मारून विचारायचे. पूर्वी घरात इतकं बोलणारा माणूस नव्हता तो. मला कळत होतं की ते काऊन विचारतात. तरी त्या विचारण्याचा मला कंटाळा आला होता. कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, पाठ पाहायची, स्वयंपाक, बैल, धानाची बांधी, आणि वर छप्पर.

दुसऱ्या वर्षीच्या धानाच्या रोवणीत मी थकले. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी यांचं सगळं आवरून बांधीत जायचं, जाऊ मधात येऊन यांची कूस बदलायची, मी दुपारी एकदा धावत येऊन जायचे, आणि संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कंबर सरळ होत नसे. आठ-दहा दिवस मी छपरावर गेले नाही. पाऊस पडतोच आहे, काच आपोआप धुतली जाते असं मनाला सांगितलं. ते विचारायचे, टोकं पाहिली का? मी म्हणायचे, पाहिली. वर काही नाही ना? मी म्हणायचे, काही नाही.

त्यात आभाळ भरलेलं. बॅटरी कमी पडली की इन्व्हर्टर ओरडतो, टीं टीं करून. त्या दिवसांत तो सारखा ओरडायचा, मग लाइट आली की गप्प व्हायचा. एका संध्याकाळी मी त्याच्या आवाजाच्या भोकात कापूस कोंबला आणि वरून चिकटपट्टी लावली. मला फक्त झोप पाहिजे होती.

सकाळी उजाडताना जाग आली तेव्हा घरात काहीच आवाज नव्हता. पंपाची घरघर कानाला इतकी सवयीची झाली होती की ती नसल्यानेच मी उठून बसले. लाइट गेलेली होती, इन्व्हर्टर बंद. गादी सपाट, आणि ते पाठीवर, डोळे उघडे. किती वेळ तसे होते कोणास ठाऊक. मी हात घातला. बैठकीजवळ कातडी मऊ लागली आणि बोटं ओली झाली.

"हाक काऊन नाई मारली?" मी म्हटलं.

"तू झोपली होती."

मी त्यांना वळवलं, पुसलं, जावेला उठवून उपकेंद्रातल्या सिस्टरकडे पाठवलं. मग पावसातच छपरावर गेले. सागाची तीन मोठी पानं काचेवर चिकटून बसली होती, थाळीएवढी. वाऱ्याने उडून आलेली. एक पान असलं तरी पॅनलचा तेवढा पट्टा मरतो, हे यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. खाली येऊन बॅटरी पाहिली तर टोकावर खाराचा गोळा, वायर हातात येईल इतकी सैल.

सिस्टर येऊन पट्टी करून गेली. जखम पाहताना तिचं तोंड बदललं ते मी पाहिलं. त्या दिवशी मी बांधीत गेले नाही. दुपारी त्यांना भात भरवताना माझ्याच्याने राहवलं नाही.

"मी खोटं बोलली तुमच्याशी," मी म्हटलं. "टोकं नाई पाहिली. वरतेबी नाई गेली. अन् त्याचा आवाज मीच बंद केला."

ते म्हणाले, "मले माहीत होतं. दिवसभर तेच तं पाहतो मी. पट्टी दिसून राह्यली होती."

"मग बोलले काऊन नाई?"

"बोलून काय? चढणारी तूच."

मी घास ताटात ठेवला. मला राग आला की रडू आलं ते आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. मी म्हटलं, यापुढे दिवसातून एकदाच विचारायचं, संध्याकाळी, आणि मी खरं तेच सांगेन. केलं नसेल तर नाही केलं म्हणेन. ते हो म्हणाले. मी चिकटपट्टी काढली आणि सुईने कापूस ओढून काढला.

जखम भरायला अडीच महिने लागले. सिस्टर एक दिवसाआड यायची. दिवाळीच्या आसपास तिथे नवी गुलाबी कातडी आली.

रस्ते उघडल्यावर एक दिवस भामरागडकडचा एक म्हातारा माडिया माणूस दारात उभा राहिला. जोहार केला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. यांनी त्याच्या घरी पूर्वी संच बसवला होता. तो बिघडला म्हणून तो अहेरीला गेला, दुकानात विचारलं, आणि तिथून कोणी त्याला आमचं गाव सांगितलं. हे पडले आहेत ते मात्र कोणी सांगितलं नाही. तो आत आला, बाजेकडे पाहिलं आणि भिंतीशी बसला. मग फडकं हळूच मागे सरकवलं, जणू काही आणलंच नाही. हेच म्हणाले, दाखव.

तो कंट्रोलर होता. उघडला तर आत मुंग्यांनी माती भरलेली, फ्यूज जळालेला. मी यांना कुशीवर वळवून उशा लावल्या, समोर पाट ठेवला. दातांच्या जुन्या ब्रशने त्यांनी एकेक जागा साफ केली, दोन ठिकाणी झाळ, म्हणजे सोल्डर लावलं, नवा फ्यूज बसवला. दोन तास गेले. मध्ये मी कूस बदलायला आले तर थांब म्हणाले. पडल्यापासून त्यांचे हात असे चालताना मी पाहिले नव्हते.

काम झाल्यावर त्यांनी विचारलं की वरचं पॅनल कसं आहे, हललं तर नाही? म्हातारा जरा घुटमळला. मग म्हणाला, "खाली आणलं दादा. बुढी झाली बाई माझी, मीबी बुढा. कोण चढन? आंगनात खांब गाडला."

यांना ते आवडलं नाही. पॅनल छपरावरच पाहिजे, खाली सावली येते, कोंबड्या, ढोरं, असं बरंच बोलले. म्हातारा मान हलवत राहिला. जेवला, पडवीत झोपला, सकाळच्या बसने गेला. तो गेल्यावरही हे कुरकुरत होते. "सहा घंटे लागले होते मले ते चढवायले," म्हणाले. मी भाकरी थापत होते. मला त्या म्हाताऱ्याच्या बायकोचा हेवा वाटत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी काच धुवायला चढले असताना कवेलू फुटलं. पाय फाट्यावरच दिला होता असं मला वाटलं, पण फाटाच वाळवीने खाल्लेला. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. मी वर अडकले, आडं धरून. खाली बाजेच्या अगदी वरती माझा पाय लोंबकळत होता, आणि त्यांच्या तोंडावर माती पडत होती. मला त्यांचा आवाज आला. आधी जावेला हाका मारल्या, मग मला म्हणाले, हलू नको, ओढू नको, मी आहे खाली. काय करणार होते ते, मला माहीत नाही. पण ते दोन्ही हात वर करून माझ्या पायाकडे पोचायचा प्रयत्न करत होते, असं जावेने नंतर सांगितलं.

मांडी सोलली, बाकी काही झालं नाही. जावेने हळद लावली. मी खाली बसून पाणी पीत होते. ते छपराच्या भोकाकडे पाहत होते. मग म्हणाले, "खाली आण ते."

मी म्हटलं, तुम्हीच म्हणत होता ना, छपरावरच पाहिजे.

"म्हणत होतो. आण खाली."

चार दिवसांनी मी शेवटची चढले. आधी पॅनल काढलं, मग बॅटरी. जावेने आणि मी मिळून ते दोराने उतरवलं. अंगणात सागाचे दोन खांब गाडले, त्याला तेच अँगल लावले. खांब कुठे गाडायचे ते यांनी पडवीतून सांगितलं, त्यांची बाज आम्ही तेवढ्यासाठी दारापाशी ओढली होती. सकाळपासून दर तासाला मी काठी रोवून सावली दाखवायची आणि ते नाही म्हणायचे. शेवटी जी जागा मिळाली तिथे तीन वाजेपर्यंत ऊन असतं. त्यानंतर जावेच्या चिंचेची सावली येते. चिंच तोडायला मी तिला सांगणार नाही, आणि तिनेही तसं म्हटलं नाही.

तीन वाजल्यानंतरच्या त्या तीन तासांची वीज गेली ती गेलीच. पंप चालतो, बल्ब चालतो, पण लाइट गेलेली असली की पंखा चालत नाही. मे महिन्यात ते मला म्हणतात, गादी थोडा वेळ बंद कर आणि पंखा लाव, तुला घाम येतो. मी लावत नाही.

आता आजूबाजूच्या गावांतून लोक त्यांच्याकडे कंट्रोलर, इन्व्हर्टर आणून देतात. ते कुशीवर पडून दुरुस्त करतात, मी पाट ठेवते आणि उशा लावते. कोणी कोणी मलाच विचारतं, बाई, आमच्या घरी येऊन बसवून द्याल का, तुम्हाला येतं म्हणतात. येतं मला. पण मी नाही म्हणते. गुडघे आता पायरीवरही बोलतात.

सकाळी मी ओलं फडकं घेऊन अंगणात जाते आणि उभ्या उभ्या काच पुसते. दहा मिनिटांचं काम. कोंबड्या खाली धूळ उकरतात, त्यांना हाकलते. मग चूल पेटवायच्या आधी थोडा वेळ पडवीच्या कडेला बसते.